मागखात्यातली बोली

बिल्डिंगमधले लोक तिला मुकी म्हणतात. जिन्यात भेटली की हातवारे करतात आणि तिची पाठ वळली की बिचारी म्हणून मोकळे होतात. मागखात्यात तिचं नाव बडबडी होतं, हे त्यांना सांगून पटायचं नाही.

कापडाच्या कारखान्यात सगळे माग एकदम चालू झाले की शेजारच्याचा शब्द ऐकू यायचा नाही. नव्या बायका आधी घसा फोडून ओरडायच्या आणि आवाज बसवून घरी जायच्या. हळूहळू ओरडणं सुटायचं. ओठ मोठे, चेहरा मोठा, आवाज मात्र शून्य. धागा तुटला, मुकादम येतोय, पोराला ताप आहे, सगळं ओठांवर. पलीकडच्या रांगेतल्या बाईला सासू काय म्हणाली ते बडबडीला इथून कळायचं आणि तिचा सल्लाही लगेच तिकडे पोचायचा. मुकादमाला शिव्याही याच बोलीत, फक्त तो पाठमोरा असताना. प्राणी जिथे राहतो तिथल्यासारखा होतो म्हणतात. माणूसही होतो, पण त्याची किंमत कुणी सांगत नाही.

लग्नही तिथेच जमलं. तो जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. मागाखालून तेलकट तोंड वर काढून त्याने तिला विचारलं. तिने दिलेलं उत्तर खात्यातल्या निम्म्या बायकांनी वाचलं आणि लाज वाटायची ती त्यालाच वाटली. पुढे सगळा संसार त्या दोघांनी याच बोलीत केला. भांडणं व्हायची, चांगली कडाक्याची व्हायची, पण भिंतीकडे तोंड करून अभ्यास करणाऱ्या मुलाला त्याचा पत्ता नसायचा. लहानपणी त्यालाही ही बोली येत होती. मग मित्र घरी यायला लागले आणि तोंडं वेडीवाकडी करू नका, असं तो आईबापांना सांगायला लागला.

दूध आणलं का, पाणी आलं का, असलं किरकोळ बोलणं ती घशातून बोले. पण जिवाच्या आकांताने काही सांगायचं झालं की मागखातं अंगात यायचं आणि नुसते ओठ हलायचे. तिचं तिला ते कळायचंही नाही, कारण कान त्या मागांनी केव्हाच खाल्ले होते. नवऱ्याचे कान बऱ्यापैकी शाबूत होते, तरी तिचे तो ओठच वाचायचा, आणि तो समोर असेपर्यंत आवाजावाचून काही अडलंही नाही.

कारखाना बंद पडला आणि दोघं मुलाकडे राहायला आली. मुलगा शाळेत जीवशास्त्र शिकवतो. हाडाचा शिक्षक, म्हणजे घरीही शिकवतोच. सून वाईट नाही, पण तिला शांतता लागते.

एक दिवस म्हाताऱ्याचा खांदा दाराच्या चौकटीला आपटला. मग रोजच आपटायला लागला. डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण ऑपरेशन लवकर केलं तर राहिलेली वाचेल. म्हातारीने डॉक्टरच्या ओठांवरून वाक्य पुरतं वाचलं. मुलगा धडधाकट कानांनी ऐकत होता, त्याने निम्मंच ऐकलं. गेलेली परत येत नाही, एवढंच त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं.

आधी परीक्षा होत्या. मग सुट्टीत बघू ठरलं. सुट्टीत मुलगा आणि सून डोंगरात फिरून आले. म्हातारीने ऑपरेशन कधी म्हणून विचारलं, तर आवाज एवढा मोठा निघाला की सुनेने उठून खिडकी लावली. पुढच्या वेळी ती हळू बोलली आणि ते कुणाच्या कानावर गेलं नाही. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते काही उगाच म्हणत नाहीत.

रोज सकाळी ती त्याला गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसवायची आणि गुडघ्याला गुडघा लावून समोर बसायची. तो नाकाला नाक लागेल इतका जवळ येऊन तिचे ओठ वाचायचा. सून हसायची, या वयात काय हे म्हणायची. मग एकदा तो म्हणाला, की आता अर्धंच तोंड दिसतंय. तिने घशातून बोलून पाहिलं. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हा आवाज कुणा परक्या बाईचा वाटतो गं."

शेवटी दवाखान्याने तारीख दिली. आदल्या दिवशी सकाळी मुलाने फोन करून ती पुढे ढकलली, कारण शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. फोन खाली ठेवून तो आईकडे वळला. टेबलावर तक्त्यासाठी काढलेलं माशाचं चित्र होतं, डोळे नसलेल्या माशाचं.

"आई, हे गुहेत राहणारे मासे," तो तिला कळावं म्हणून सावकाश म्हणाला. "अंधारात राहून डोळे गेले, पण त्यांचं काही अडत नाही. शरीर जुळवून घेतं. बाबांचंही तसंच होईल."

म्हातारा खुर्चीत बसून ऐकत होता. त्याचा चेहरा भलत्याच बाजूला, कपाटाकडे होता.

म्हातारी उठून उभी राहिली. इतके दिवस गिळलेलं सगळं तिने बाहेर काढलं. ते मासे पिढ्यान्पिढ्या अंधारातच जन्मले रे, याला तू ढकलतोयस. मी कान दिले तेव्हा तू शिकलास. आम्ही जुळवून घेत गेलो म्हणून तुला वाटतं, आम्हाला काही लागतच नाही. याचे डोळे गेले तर मी कुणाशी बोलू? उद्या याला नेलं नाहीस, तर मी स्वतः हाताला धरून नेईन. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात एवढं खणखणीत आपण कधी बोललो नाही, असं तिला वाटलं.

मुलगा तक्ता गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर त्याने वर पाहिलं, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो शाळेत गेला.

दार लागलं तसा म्हातारा खुर्चीत वळला. हाताने चाचपत त्याने तिचा पदर धरला आणि तोंड वर केलं. तिने त्याचे ओठ वाचले.

"एवढं सगळं तो बोलला," तो म्हणत होता, "आणि तू एक शब्द काढला नाहीस?"