छातीचा फोटो, जरा जोराचा

एक्स-रे खोलीतले किस्से शोधायला जावं लागत नाही. ते शर्ट काढून, श्वास रोखून आपणहून समोर उभे राहतात. भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात मी गेली अकरा वर्षं छातीचे फोटो काढतोय. त्यातले हे काही अजून डोक्यातून जात नाहीत.

*

करडी गावचे एक आजोबा धान चुरून, म्हणजे मळणी उरकून झाल्यावर खोकला घेऊन आले. प्लेटसमोर उभे राहत म्हणाले, "खोकला जुना हाय भाऊ, फोटो जरा जोराचा काढजा." किरणं जास्त सोडली की आजार चटकन सापडतो, असा त्यांचा हिशेब. मी हसलो. पुढे मीही तसाच वागणार होतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

*

वासुदेवकाका आमचे सीनियर टेक्निशियन, फिल्मच्या जमान्यातले. तेव्हा किरणांचा डोस जास्त झाला की फिल्म काळीठिक्कर व्हायची आणि डॉक्टर सगळ्यांदेखत झापायचे. डिजिटल मशीन आलं आणि ती भीतीच गेली. डोस जास्त झाला तरी कॉम्प्युटर सांभाळून घेतो, उलट फोटो आणखी स्वच्छ देतो. काका पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "हे मशीन काई बोलत नाही. आता आपलं आपल्यालेच बोला लागन." मला ती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटली.

*

एकदा आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी माझा फोटो परत पाठवला. विचारलं, यावर रवा सांडलाय का? डोस कमी पडला की चित्र असं दाणेदार येतं. मी लाजलो आणि डोस थोडा वाढवला. मग आणखी थोडा. स्वच्छ फोटोबद्दल कोणी तक्रार करतं का? पेशंटला तर किरणं दिसतही नाहीत आणि दुखतही नाहीत.

*

काकांनी एक दिवस स्क्रीनवरचा डोसचा आकडा पाहिला आणि मला थेट मॅडमकडे नेलं. मॅडमही चपापल्या. म्हणाल्या, "मला आजार दिसला म्हणजे झालं. फोटो मी भिंतीवर लावणार नाहीये." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मात्र डोस तेवढाच ठेवला. फोटो परत येण्याची धास्ती सुटत नव्हती. आज सांगतानाही लाज वाटते.

*

मग माझ्याच सहा वर्षांच्या मुलीला आठ दिवस ताप आणि खोकला. तिचा फोटो मीच काढला. डोस अगदी कमी ठेवला, किरणं फक्त छातीपुरती आवळली, फोटो पुन्हा काढावा लागू नये म्हणून दोनदा श्वास रोखायची प्रॅक्टिस करून घेतली. फोटो दाणेदार आला. मॅडमनी एक नजर टाकली आणि सांगितलं, उजवीकडे खाली न्यूमोनिया आहे, औषध सुरू करू.

पुढचा नंबर लाखनीच्या एका बाईचा होता. माझ्या मुलीचा फोटो काढताना ती दारातून सगळं बघत होती. सोबत तेवढीच मुलगी, तसाच खोकला. मुलीला उभं केलं आणि माझा हात सवयीनं डोस वाढवायला गेला. ती बाई पदर सावरत म्हणाली,

"भाऊ, तुमच्या पोरीचा जसा काढला, तसाच माह्या पोरीचाबी काढजा."