फिनाईलवाला शेठ

शेठ आपली ओळख करून द्यायचा ती उभा राहूनच. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असली तरी अंगावरच्या टॉवेलसकट उठायचा, नाव सांगायचा आणि पुढे जोडायचा, "लघुउद्योजक, उंद्री, तालुका चिखली." न्हावी बिचारा वस्तरा धरून थांबायचा.

ही खोड बुलढाण्याच्या सरकारी प्रशिक्षणातली. आमच्या तालुक्यातली बेकार पोरं गोळा करून तिथे उद्योजक बनवत होते. सर म्हणायचे, नोकरी मागू नका, नोकरी द्या. आजपासून एकमेकांना शेठ म्हणा. चहा-नाश्ता मिळत होता, म्हणून आम्हीही शेठ म्हणालो. चहा बंद झाला तसं आमचं शेठपण संपलं. त्याचं राहिलं, कारण त्या वेड्याने ते खरं मानलं होतं.

मानणार नाही तर काय करणार? बाप नव्हता, माय गुडघ्यांनी अधू, घरात तिसरं माणूस नाही. आणि चुलतभाऊ पुण्याला कामावर न्यायला टपलेला. शेठ मला म्हणायचा, "मायले एकटी टाकून कसा जाऊ बे? एकडाव धंदा लागू दे, मंग मी कुठीच जात नाही." माय म्हणायची, "तुह्या तोंडात साखर पडो, बाप्पा."

प्रशिक्षणात फिनाईल करायला शिकवलं. सगळ्यांना! एकाच तालुक्यातली पोरं, सगळ्यांना एकच फिनाईल, आणि ते घेणार कोण हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आमच्याही नाही. शेवटच्या दिवशी साहेबांनी फीत कापली, फोटो निघाला आणि आम्ही आपापल्या गावी फिनाईल ढवळायला लागलो.

एकदा मी त्याच्या गाडीवर मागे बाटल्या सांभाळत बसलो होतो. शेजारच्या गावात पहिलंच दार वाजवलं, तर आतून आमच्याच बॅचचा पोरगा नरसाळं हातात घेऊन बाहेर आला. शेठने विचारलं, "फिनाईल घेता का, शेठ?" तो म्हणाला, "मीच तुह्याकडे येऊन राह्यलो होतो, शेठ." शेवटी दोघांनी एकेक बाटली अदलाबदल केली. वाटेत मला हसू आवरेना. तो चिडला, "हासून काऊन राह्यला बे? गिऱ्हाईक तं भेटलं ना!"

मग तो आशेने प्रशिक्षण केंद्रातच गेला. तिथले संडास तरी धुवावे लागत असतील. सरांनी पाठ थोपटली, "शाब्बास! पण आमचं टेंडरनं येतं रे." त्या सरांचा मला अजून राग येतो. त्यांची नवी बॅच तेव्हा शेजारच्याच खोलीत टाळ्या वाजवत होती.

चिखलीच्या स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो. चुलतभाऊ आधीच एसटीत चढून जागा धरून बसला होता. "भांडवल जमलं का वापस येतो," शेठ म्हणाला. मी हो म्हणालो.

तो आता पुण्यात एका मॉलमध्ये फरशी पुसतो. फोनवर म्हणाला, "मायले सांगू नको. आन आयक, इथलं फिनाईल लय पातळ हाय बे. आपलं चांगलं होतं."

न खपलेल्या बाटल्या घरीच आहेत. माय त्यातलंच थोडं थोडं ओतून, भिंतीला धरून ओसरी पुसते. मी गेलो की विचारते, "धंद्यातच हाय ना रे तो?"

"हाव माय," मी म्हणतो, "फिनाईलच्याच."