रेल्वेत बसाचं, पण मोटार कोण नेईन?

चार टाळके रोज एकाच बाकावर बसत असले की किस्से कोणाले करा लागत नाहीत, आपोआप होतेत. अन् मंग लोक म्हणतेत, मास्तर फेकून राह्यले! अरे, फेकाले डोकं लागते बाप्पा. माह्याजवळ फक्त आठवण हाये.

आमचा बाक पांढरकवड्याले, हैदराबादच्या सडकेवर, हबीब मिस्त्रीच्या गॅरेजसमोर. महाराष्ट्र झाला त्याच्या आगंमागंचे साल. हबीब मोटारी दुरुस्त करे. रामधन राठोड जवळच्या तांड्यावरचा कास्तकार. त्याच्या आज्यानं बैलायच्या पाठीवर मीठ वाहलं होतं, म्हणून रामधनले वाटे की जगातली कोणतीबी गाडी आपल्याले हाकता येते. चौथा शंकर, बाजूच्या चहाच्या हाटेलाचा. अन् मी टेलर, म्हणून मास्तर. तुमाले रेल्वेचंच पाहिजे म्हणता, तर आयका.

०

लग्नाच्या वक्ती हबीबनं जुबेदाभाभीले कबूल केलं होतं, "तुले रेल्वेत बसवीन. अन् मी बाजूले बसीन." भाभी झरी-जामणीकडच्या जंगलातली. तिकडं सागवान दिसे, रेल्वे कुठची? पण हबीब लग्नानंतर जो मोटारीखाली घुसला तो निघालाच नाही. भाभी डबा घेऊन ये, तर तिले नवऱ्याचे फक्त पाय दिसत.

एक दिवस भाभी गॅरेजात आली अन् सगळ्यायच्या समोर म्हणली, "दिवाळीत रेल्वे नाही झाली, तर मी अब्बाकडं चालली. परत याची नाही."

हबीब खालूनच म्हणे, "कोणत्या मोटारीनं जाशीन? साऱ्या तर इथंच खोलून पडल्या हायेत!"

आम्ही हासलो. भाभी नाही हासली. तिनं घरी जाऊन ट्रंक भरली अन् दारात आणून ठेवली. ते पाह्यल्यावर हबीबचं तोंड असं उतरलं की काय सांगू! "मास्तर, हे जाईन बे. खरंच जाईन."

०

मंग प्लॅन मी केला. हबीबजवळ स्वताची एक मोटार होती, दोन मेलेल्या मोटारी जोडून केलेली. त्या मोटारीनं महागावले रामधनच्या बहिणीकडं मुक्कामाले जाचं. तिथून दारव्हा. दारव्ह्याहून यवतमाळले छोट्या लाईनची रेल्वे. झाडी, नाले, चढण, पाहात पाहात मिया-बीबी यवतमाळले उतरतीन, अन् तिथून आपल्या मोटारीनं घरी. एकदम झ्याक!

तेवढ्यात हाटेलवाला शंकर कप धुता धुता म्हणे, "मास्तर, दारव्ह्याहून यवतमाळले मोटार कोण नेईन?"

मोटार चालवता येत होती फक्त हबीबले!

मी म्हणलं, रेल्वेनंच परत दारव्ह्याले या. तर परतीची गाडी दुसऱ्या दिवशी, अन् यवतमाळात वळखीचं घर नाही. रामधन म्हणे, "मोटार खोल, रेल्वेत भर, अन् तिकडं जोड. तुले तं येते." हबीब लेकाचा खरंच इचारात पडला!

शेवटी हबीबच घाबरत घाबरत भाभीले म्हणे, "असं कर, तू मास्तरसंगं रेल्वेत बस. मी बाजूच्या सडकेनं मोटार चालवतो, अन् तुले हात हालवतो."

भाभी म्हणली, "मंग निकाहबी सडकेवरून हात हालवूनच कराचा होता!"

०

म्हणजे आता दुसरा डायवर तयार कराची पाळी. पहिला नंबर माहा. हबीब म्हणे, "मास्तर, तुमाले पायानं मशीन चालवाची सवय हाये. क्लच म्हणजे तेच." मीबी भोळा! मशीन चालवतो तसा दोन्ही पाय संगं दाबले. मोटार अशी उसळली की थेट शंकरच्या हाटेलात, भट्टीच्या हातभर अलीकडं थांबली.

शंकर हालला नाही. म्हणे, "मास्तर, चहा गाडीतच देऊ?"

त्या दिवसानंतर मी स्टेअरिंगले हात लावला नाही.

०

मंग रामधन. मानूस भेत नाही, हे त्याचं चांगलं. पण थांबाचं असलं की तो स्टेअरिंग छातीकडं ओढे, अन् वरून ओरडे, "हो! हो!"

"अबे हे बैल नोहेत!" हबीब डोकशावर हात मारून घे.

"मंग डावं ओढलं की डावीकडं काहून वळते?" रामधन म्हणे.

चार-सहा दिवसात तो सरळ चालवाले लागला. ब्रेकबी समजला. मागं नेता येत नव्हती. हबीबले त्याच्यानं रातची झोप येईना. तर रामधन त्यालेच समजावे, "मागं कायले जाचं बे? यवतमाळ समोर हाये!"

दिवाळी तोंडावर आली होती. ट्रंक दारातच होती. काय करता? त्यालेच पास केलं.

०

दारव्ह्याचं टेसन. रेल्वे उभी. भाभी खिडकीत, नवी चुनरी, डोळे असे चमकून राह्यले की मले तिच्याकडं पाहवेना. बाजूले हबीब, धुतलेला, तेल लावलेला, कानात अत्तराचा फाया. भायेर सडकेवर मी हँडल मारून राह्यलो अन् मोटार काही चालू होईना. खोकते, थांबते. खोकते, थांबते.

हबीबनं कान टवकारले. "प्लग हाये," म्हणे. मी पाह्यलं, तो उठला! गार्डानं झेंडी काढली होती. हबीबचा एक पाय दाराच्या पायरीवर. मी तिथूनच बोंबललो, "बस, लेका! बस खाली!" हा उतरला की भाभी गेलीच समजा!

भाभी उठली, त्याच्या कानातला फाया काढला, दोन तुकडे केले, अन् दोन्ही कानात बोटानं खोल कोंबले. मंग त्याचा हात धरून त्याले बाकावर बसवलं.

शिटी वाजली, गाडी हालली. अन् तिकडं आमची मोटार चालू झाली!

०

आता आयका. रामधन म्हणे, रेल्वेच्या आधी यवतमाळले पोचू, हार घेऊन टेसनावर उभं राहू. सुटला ना बाप्पा! पुढं एका जागी सडक रुळावरून जाते. फाटक नाही, काही नाही. आम्ही रुळावर चढलो, अन् वळणाच्या मांगून शिटी आली.

आता बैलगाडीवाल्याची एक रीत असते. रेल्वेची शिटी आली की बैल बुजतेत, म्हणून गाडीवान खाली उडी मारते, समोर जाते अन् बैलायची वेसण धरते. रामधनचा जन्म त्याच्यात गेलेला. शिटी आयकली, "अरं याडी!", म्हणजे "अवं माय!", म्हणला, सारं सोडलं, खाली उडी मारली, अन् मोटारीसमोर जाऊन दोन्ही हातानं बंपर घट्ट धरला! "हो रं, हो रं, भेऊ नको!"

मोटार दचका खाऊन बंद. बरोब्बर रुळाच्या मधात.

"अबे सोड! हँडल मार!" मी आतून बोंबलून राह्यलो. तो काही सोडेना! वळणावर धूर दिसला. मी उतरलो, त्याच्या डोकशावरचा लाल फेटा हिसकला, अन् रुळारुळानं रेल्वेकडं पळत सुटलो. पाय माहे नव्हतेच ते. मनात एकच, गाडीत आपला हबीब हाये, भाभी हाये, अन् आडवी उभी हाये त्याचीच मोटार!

ब्रेक किंचाळले. इंजन थांबलं, मोटारीपासून दोन बैलगाड्या मावतीन एवढ्या अंतरावर.

गार्ड उतरला, लालबुंद. "किसकी मोटर है ये? मालिक कौन है?"

साऱ्या खिडक्यायतून मुंडके भायेर. तिसऱ्या डब्यात हबीब. कानातला कापूस काढून तो मोटारीकडं पाहून राह्यला होता. त्याचा हात भाभीच्या हातात होता, अन् भाभी त्याच्याकडं पाहून राह्यली होती.

मी जीव एकवटून हाक मारली, "हबीब! अबे हबीब!"

गार्ड गर्रकन वळला, खिडकीपाशी गेला. "क्यों मियाँ, तुमको बुला रहा है? तुम्हारी है क्या मोटर?"

हबीबनं मोटारीकडं पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं, चांगलं डोळ्यात डोळे घालून. अन् भाभीजवळ जरासा अजून सरकून म्हणला,

"अपने को क्या मालूम, साहब? हम तो रेल के पसिंजर हैं."