आकड्यांची राखण

फोन आला तेव्हा मी मंठ्याजवळ एका शेतात उभी होते. आमच्या कारखान्यासाठी कपाशीचं बियाणं त्या शेतात तयार केलं जात होतं. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. हातानं परागीकरण करायला बायका नर फुलं घेऊन ओळीओळीनं पुढे सरकत होत्या, आणि प्रत्येक झाडापाशी क्षणभर थांबून जणू त्याच्या कानात काही सांगत होत्या. पलीकडून आमचे हिशेबनीस म्हणाले, “नलिनीताई गेल्या.” धुक्यात त्या बायका दिसेनाशा होत, पुन्हा दिसू लागत... त्यांच्यातच कुठेतरी डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या नलिनीताई चालत असतील, असं वाटत राहिलं. त्याला आता काही आठवडे होऊन गेलेत, पण ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.

नलिनीताई सरकारच्या सांख्यिकी कार्यालयात अधिकारी होत्या. जालन्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांकडून दरवर्षी माहिती गोळा करायची, हे त्यांचं काम. किती माल काढला, किती माणसं कामाला होती, वीज किती लागली, कच्चा माल कुठून आला. अशा हजारो कारखान्यांच्या माहितीतून देशातल्या उद्योगांचं चित्र तयार होतं, असं त्या सांगत. पण आपलं पोट उघडून दाखवायला कोणत्या कारखानदाराला आवडतं? सरकारी माणूस गेटवर आला की मालक हटकून बाहेरगावी गेलेले असत. नलिनीताई ‘बरं, पुन्हा येते’ म्हणत, आणि खरंच पुन्हा येत.

आमची पहिली भेट झाली ती माझ्या सगळ्यात वाईट दिवसांत. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आलेला. मी कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याची लेक. शेतातलं बी मला कळत होतं, कारखान्यातलं नाही. तरी त्यांच्या खुर्चीत मलाच बसावं लागलं. त्यातच माहिती वेळेत दिली नाही म्हणून कार्यालयाचं स्मरणपत्र आलेलं, आणि पाठोपाठ या बाई दारात. माझा तोल गेला. “घरात माणूस अंथरुणाला खिळलाय, अन् तुम्ही आकडे मागून राह्यल्या?” मी म्हणाले. त्यांनी उघडलेली पिशवी हळूच बंद केली. “मंग आज आकडे राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आज नुसता कारखाना दाखवा, वहिनी.”

मी दाखवला. दाखवता दाखवता माझ्या लक्षात आलं, की मीही तो पहिल्यांदाच नीट पाहत होते. छताच्या पत्र्यांमधून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आत उतरल्या होत्या आणि सरकीवरचा बारीक पांढरा तंतू त्यांत तरंगत होता... वर जात नव्हता, खाली येत नव्हता. बी निवडणाऱ्या यंत्राजवळ नलिनीताई डोळे मिटून उभ्या राहिल्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, प्रत्येक कारखान्याचा आवाज वेगळा असतो, सळयांच्या कारखान्यातून आलं की इथं पाऊस पडल्यासारखं वाटतं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की आमच्या घाईचे महिने कोणते. त्यानंतर त्या कधीही उन्हाळ्यात आल्या नाहीत. पेरण्या उरकल्या, बियाण्याच्या गाड्या जायच्या थांबल्या, की एखाद्या शांत दुपारी त्या यायच्या.

सुरुवातीला मी आकडे देताना हातचं राखून देई. आपली माहिती उद्या दुसऱ्याच्या हाती लागली तर? एकदा तसं स्पष्टच विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचा आकडा बाकीच्या आकड्यांत मिसळून जातो, मग तो कोणाचा हे ओळखता येत नाही. आणि एखाद्या धंद्यात दोन-तीनच कारखाने असतील तर आम्ही तो आकडा छापतही नाही. मला हसू आलं. मी म्हटलं, बियाण्याच्या धंद्यात मिसळणं म्हणजे गुन्हा. त्याही हसल्या. “तुमच्याकडं गुन्हा, आमच्याकडं तीच राखण,” त्या म्हणाल्या. वर्षभरानं सगळ्या कारखान्यांचा मिळून अहवाल निघाला, की तो त्या मला आणून दाखवत. यात तुम्ही पण आहात, म्हणत. मी त्या पानांवर स्वतःला शोधत बसे आणि कुठेच सापडत नसे.

मग ते वर्ष आलं. आमचं बरंच बियाणं उगवणीच्या चाचणीत नापास झालं. गोदाम जवळजवळ रिकामं होतं. बाहेर कोणालाच कल्पना नव्हती. मालकांनाही मी सांगितलं नव्हतं. नलिनीताईंना मात्र सगळं जसंच्या तसं सांगितलं. का, ते आजही सांगता येणार नाही. त्यांनी लिहून घेतलं, चहा घेतला, माझ्या हातावर हात ठेवला आणि गेल्या. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीच्या वतीनं कारखाना विकत मागायला एक मध्यस्थ फोन करू लागला. आतली हालत त्याला कळली असती तर मी एका बैठकीत मोडले असते. पण त्याचा अंदाज काही केल्या बसेना. मी आवाज ताठ ठेवून बोलत राहिले. अखेर फोन यायचे थांबले. पुढच्या हंगामात बियाणं चांगलं निघालं, आणि कारखाना राहिला.

नलिनीताई मात्र यायच्या बंद झाल्या. माहिती घ्यायला दुसरे अधिकारी आले. मी फोन केला तर त्या म्हणाल्या, कामं वाटून दिलीत. मनाला लागलं. निवृत्तीनंतर त्या पुन्हा येऊ लागल्या, निव्वळ मैत्रीण म्हणून; पण कारखाना कसा चाललाय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला त्याचं नवल वाटे... विचारायचं मात्र राहून गेलं.

त्या गेल्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या धाकट्या भावानं, मधुकररावांनी उघडलं. मी नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. पाणी दिलं, समोर बसले, आणि खाली बघत म्हणाले, “तुमच्या कारखान्यासाठी फोन करून राह्यलो होतो, तो मीच.”

तो आवाज मी फोनवर कितीदा ऐकला होता. मग त्यांनीच सगळं सांगितलं. बहीण त्या कारखान्याची माहिती घेते, हे त्यांना ठाऊक होतं. हा व्यवहार झाला असता तर त्यांचं नशीब पालटलं असतं. एका संध्याकाळी ते तिच्याकडे गेले होते. आकडा नको, माल आहे का न्हाई एवढंच सांग, असं विनवलं. “ताई म्हणली, मधू, तो आकडा माझा न्हाई. माझा असता तर तू मागायच्या आधी दिला असता.” दुसऱ्या दिवशी तिनं कार्यालयात जाऊन सांगितलं, की या कारखान्याचं काम माझ्याकडून काढून घ्या. आणि भाऊ रागावून गेला, तो कित्येक भाऊबीजा फिरकला नाही. दरवर्षी ती ताट करून वाट बघायची, हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळायचं. शेवटी दवाखान्यात ते गेले, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला आणि जेवला का, एवढंच विचारलं. जुन्या गोष्टीचा शब्दही काढला नाही.

मी तिथंच बसून राहिले. माझा कारखाना राहिला, यंत्रांचा तो पावसासारखा आवाज राहिला, आणि त्यापायी एका बाईच्या घरी भाऊबीजेचं ताट तसंच वाढून राहिलं... आणि मला यातलं काहीच कळू दिलं गेलं नाही. “त्यांनी आपल्या दोघांचंही गुपित राखलं,” एवढंच मी म्हणाले. मधुकरराव डोळे पुसू लागले.

मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. तिथली खिडकी एमआयडीसीच्या दिशेनं उघडते. सळयांच्या कारखान्यांची काजळी आत येते, म्हणून आसपासचे सगळे आपल्या खिडक्या बंद ठेवतात. नलिनीताई मात्र रोज सकाळी ती उघडून बसायच्या आणि सायंकाळी चौकट पुसून घ्यायच्या. आता मधुकरराव रोज येऊन ती उघडतात. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. लांबवर धुरकट उजेडात कारखान्यांची छपरं एकमेकांत मिसळून गेली होती. आमचं कोणतं, ते मलाही ओळखता येईना. चौकटीवर दिवसभराची काळी भुकटी साचली होती. मधुकररावांनी फडकं घेतलं आणि ती हळूहळू पुसायला लागले.