गुंजनचा हातपंप

गुंजन बिसेन गोंदियात माझ्या वरच्या खोलीत चौदा महिने भाड्याने राहिली, पण मी तिला फारसे ओळखत नव्हतो. तिच्या आईचे नावही मी कधी विचारले नाही. मला लिहायची सवय नाही. त्या दसऱ्याची भीती मात्र अजून गेलेली नाही, म्हणून लिहितो.

ती कामठा गावच्या शेतकऱ्याची मुलगी. कॉम्प्युटरवरच्या वस्तूंना रंग देण्याचे काम स्वतःच शिकत होती. शिवलेले पोलके उसवून जमिनीवर पसरावे तशी वस्तूची कातडी सपाट करायची, त्यावर रंगवायचे, मग तो रंग वस्तूवर बसतो, असे तिने मला समजावले होते. नागपूरच्या एका कंपनीने परीक्षा म्हणून कॉम्प्युटरवरचा कोरा हातपंप पाठवला होता. तो जुना दिसेल असा रंगवून दसऱ्याच्या संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. नाही जमले तर दुसऱ्या दिवशी तिचे वडील मनिराम तिला घरी नेणार होते. मुलाकडचे बघायला येणार होते.

मी राइस मिलमध्ये पस्तीस वर्षे फिटर होतो. गंज कुठे धरतो एवढे मला कळते. दांड्याला जिथे हात लागतो तिथे चकाकी येते, असे मी सांगितले, तर तिने तसेच रंगवले. दोन दिवस तिची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, चालूच होती.

दसऱ्याच्या सकाळी ती झेंडू आणायला गेली. जाताना म्हणाली, माझ्याही मशीनची पूजा करून घ्या. मिलमध्ये चालत्या मशीनला कोणी कुंकू लावत नाही. मी भिंतीवरचे बटण बंद केले, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, बटण पुन्हा चालू केले.

ती आली, पंप उघडला, तर तो कोरा. फाइल तर सेव्ह केली होती मी, असे ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. मी खाली गेलो, परत वर आलो.

“मी बंद केली, बाई. पूजेसाठी.”

ती म्हणाली, “हे मिल आहे का, काकाजी?”

मग तिनेच शोधून काढले की रंगवलेले चित्र फाइलपासून वेगळे सेव्ह करावे लागते, नाहीतर मशीन बंद होताच ते जाते.

“अर्धी चूक माही. बाबाचा फोन आला तर तुम्ही उचला. अन् कोणत्याच बटणाले हात लावू नका.”

ती पंप पुन्हा पहिल्यापासून रंगवायला बसली आणि मी तिचा फोन घेऊन जिन्यात बसलो. लाइट गेली तर काय, एवढेच डोक्यात होते. मनिरामचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी सांगितले, पूजा चालू आहे.

“दिवसभर पूजाच करून राहिली का पोरगी?” त्यांनी विचारले.

पाचला सात मिनिटे कमी असताना तिने पंप पाठवला. बुडाकडचा गंज अपुराच राहिला होता.

उत्तर येईपर्यंत थांबायला मनिराम कसेबसे तयार झाले. अकरा दिवसांनी कंपनीने तिला कामावर बोलावले.

ती नागपूरला निघाली तेव्हा रिक्षा दारात उभी होती. मला माफी मागायची होती, पण तोंडून निघाले ते वेगळेच.

“डबा घेतला?”

“घेतला. तुम्ही वेळेवर जेवजा, काकाजी.”