इतर वनस्पती

आमच्या गावच्या कचेरीत माझ्याकडे आवक-जावकचं टेबल होतं. त्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी शिंगाडेवाले काका अर्ज घेऊन माझ्याकडे आले. गावाबाहेरच्या तलावात ते आणि काकू कित्येक वर्षं शिंगाडा लावत. कार्तिकात काकू उकडलेले काळे शिंगाडे टोपलीत घेऊन आमच्या कचेरीच्या फाटकाशी बसायच्या, आणि आम्ही बायका दुपारच्या सुट्टीत ते सोलत गप्पा मारायचो.

तलाव साफ करायचा आदेश निघाला होता. ‘जलपर्णी व इतर वनस्पती काढून टाकाव्यात’ हे वाक्य मीच टाईप केलं होतं. काकांचा शिंगाड्याचा वेल त्या ‘इतर’मध्ये जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काका बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “आषाढात रोपं लावली, मॅडम. आता फळ धरून राह्यलं. दिवाळी होईपर्यंत थांबा म्हणा साहेबाले.”

साहेब मीटिंगला यवतमाळला गेले होते. उद्या देते म्हणून मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. रजिस्टरला चढवलाही नाही, कारण पाच वाजून गेले होते. त्याच संध्याकाळी सासूबाई न्हाणीत घसरल्या. कंबरेचं हाड मोडलं. चार दिवस मी दवाखान्यातच होते.

पाचव्या दिवशी दवाखान्यातून परतताना माझी बस तलावावरून आली. पाणी रिकामं दिसत होतं. काठावर वेलांचा ढीग पडला होता, पानं काळी पडायला लागली होती. ढिगाशेजारी काका-काकू बसून वेलांची फळं तोडत होते. मी तिथंच उतरले. काकूंनी एक फळ सोलून दाखवलं. आत गर धरलाच नव्हता, नुसतं दुधासारखं पाणी. काट्यांनी त्यांची बोटं सोलली होती.

काकांनी विचारलं, “साहेबानं वाचला का अर्ज?”

“वाचला,” मी म्हणाले. “पण वरूनच आदेश होता, काका.”

त्यांनी मान हलवली. “मंग ठीक हाय,” म्हणाले, आणि पुन्हा फळं तोडायला लागले. रागावले असते तर मी कदाचित खरं बोलले असते. कचेरीत जाऊन मी अर्ज ड्रॉवरमधून काढला, पर्समध्ये घातला आणि घरी नेला. फाडायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी तलावाला कठडा झाला आणि शिंगाडा लावायला बंदी आली. काका राजूरला कोळशाच्या कामावर गेल्याचं कळलं. काकू गावातच राहिल्या. आता त्या आठवडी बाजारात बाहेरगावचे शिंगाडे विकतात. बरीच वर्षं मी त्या रांगेकडे जायचंच टाळलं. गेल्या कार्तिकात मात्र गेले, त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. अर्ज साहेबांपर्यंत गेलाच नव्हता, मी खोटं बोलले होते.

काकूंनी शिंगाड्यांवर पाणी शिंपडलं. मग हळूच म्हणाल्या, “त्याले सांगू नका, मॅडम. साहेबानं आपला अर्ज वाचलता, हे तो अजून लोकाले सांगते.”

मी हो म्हटलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी तराजू उचलला. मी उठले.

अर्ज का दिला नाही, हे त्यांनी मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर सासूबाईंचं कारण पुढे करता आलं असतं. पण दवाखान्यातून कचेरीत एक फोन करायला किती वेळ लागला असता? त्या चार दिवसांत मी घरी, माहेरी, सगळीकडे फोन केले होते. अर्जाची मला आठवणच झाली नव्हती.