चॅपलचं रस्त्याकडचं दार

आमच्या चॅपलला दोन दारं आहेत. एक आतलं, कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यातून, आणि दुसरं थेट रस्त्यावर. कुठल्याही शहाण्या माणसानं प्रार्थनेच्या खोलीला असं रस्त्यावर दार ठेवलं नसतं. आमच्याकडे ते आहे, कारण ती खोली मुळात दवाखान्याची.

आमच्या पहिल्या सिस्टर्स परदेशातून कोल्हापुरात आल्या त्या बाळंतपणं करायला. शाहूवाडीच्या डोंगरातून बैलगाडीनं आलेल्या बायका त्या दारासमोरच्या पायरीवर बसून असायच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला दुसरी जागाच नव्हती, म्हणून सिस्टर्स तिथंच औषधाच्या कपाटासमोर उभ्या राहायच्या. बायकांना उठवायच्या नाहीत, दारही लावायच्या नाहीत. त्यातून दोन रीती पडल्या. प्रार्थनेच्या शेवटी आम्ही देवाकडे मागणं मागतो, तेव्हा पायरीवरची बाईसुद्धा आपलं मागणं मोठ्यानं सांगते आणि आम्ही सगळ्या म्हणतो, "प्रभो, ऐक." आणि दुसरी रीत अशी, की कुणी दार वाजवलं तर स्तोत्र अर्ध्या ओळीवर सोडायचं आणि आधी दाराशी जायचं. अडलेली बाई ओळ संपायची वाट बघत नाही, असं पहिल्या मदर म्हणायच्या म्हणे. बाकीच्या मठांत घंटा झाली की हातातलं काम टाकून प्रार्थनेला पळतात. आम्ही उलट्या पळतो. मला याचा भारी अभिमान आहे, आणि तो पाप असेल तर असू दे.

मी आजऱ्याकडची. मठात आले ते शांतता हवी म्हणून. इथं पहिल्याच आठवड्यात पायरीवरून आवाज आला, "देवा, माझ्या सुनंला जरा अक्कल दे." सून शेजारीच बसली होती. तिनं लगेच आपलं मागणं टाकलं, "आन सासूला जरा दमानं घ्यायला शिकीव." आम्ही दोन्हीला "प्रभो, ऐक" म्हणालो. हसू दाबताना माझ्या हातातली जपमाळ खाली पडली. त्या दिवसापासून शांततेचं खूळ डोक्यातून गेलं.

दवाखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण सहा वाजता मी दार उघडते आणि बायका येतात. मुलांची शिकवणी सुटेपर्यंत कुणी टेकते, कुणी दुधाची किटली बाजूला ठेवून बसते. जोतिबाहून परस्पर आलेली असली तर कपाळ गुलालानं भरलेलं असतं. त्यांचा देव त्यांच्यापाशी, आमचा आमच्यापाशी. कुणाला कधी देव बदलायला सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तर त्यांनी आम्हालाच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

गेल्या हिवाळ्यात काही तरुण गाड्यांवरून आले. "बायकांना जमवून काय चाललंय?" असं विचारत त्यांनी मोबाइल समोर धरला. मी म्हटलं, "बसा की, तुमचंही काही मागणं असेल तर सांगा." ते बसले नाहीत. शूटिंग करून गेले.

ते शूटिंग आमच्या प्रोव्हिन्शियलपर्यंत, म्हणजे आमच्या सगळ्या घरांच्या प्रमुखांपर्यंत पोचलं. त्या तातडीनं मुंबईहून आल्या. बाई वाईट नाहीत. दुसऱ्या एका गावी आमच्या सिस्टर्सना झालेला त्रास त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. नाश्त्याला बसताच त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, आजपासून ते दार बंद. प्रार्थना आतल्या आत करा."

"मदर, मी ते लावणार नाही."

"तुम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलंय."

"घेतलंय. म्हणाल तिथं जाईन, सांगाल ते काम करीन. पण हे माझ्या हातून होणार नाही."

चहा टेबलावरच गार झाला. मी संतापानं कपबशा गोळा करून मोरीत नेल्या.

संध्याकाळी मदरनी स्वतः उठून दार लावलं, कडी घातली आणि स्तोत्र सुरू केलं. पायरीवर कुजबुज ऐकू येत होती. आम्ही दुसऱ्या कडव्यावर आलो आणि दारावर थाप पडली. आमच्या सगळ्यांचे आवाज जागच्या जागी थांबले. आम्ही काही ठरवलं नव्हतं, अंगवळणी पडलेलं होतं ते. मदर एकट्याच दोन शब्द पुढं गेल्या आणि मग त्याही थांबल्या. मी उठले आणि कडी काढली.

दारात शेजारची म्हशीवाली मावशी. तिनं आत डोकावून बघितलं. "का वो सिस्टर, दार का लावलंयसा? कोण आजारी हाय व्हय?"

"कुणी नाही. बस मावशी."

ती बसली, बाकीच्याही बसल्या. मदरनी मान खाली घातली होती. शेवटी मागणी सुरू झाली तेव्हा मावशी म्हणाली, "देवा, ह्या घरातल्या बायास्नी कुनाची नजर लागू देऊ नगो." "प्रभो, ऐक" म्हणताना आमच्यात मदरचाही आवाज होता, बारीक, पण होता.

जेवणानंतर त्यांनी मला बाजूला बोलावलं. "मला तुमचं म्हणणं कळतं. पण उद्या कुणी दगड मारला तर उत्तर मला द्यायचंय. तुमची बदली करावी लागेल. नव्या सिस्टर दार बंद ठेवतील."

"करा," मी म्हटलं. "माझी बॅग लहान आहे."

आता पुढच्या महिन्यात मी जाते आहे. जायचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू? या पायरीवर माझं तारुण्य गेलं. पण दार मी लावलं नाही आणि त्याची मला तसूभरही खंत नाही. काल मावशीला सगळं सांगितलं. तिनं पदर खोचला, किटली उचलली.

"लावू देत की," ती म्हणाली. "आमी रोज येनार आन रोज वाजवनार. तुमच्या पोथीत थांबायचंच लिवलंय न्हवं?"

"पोथीत नाही," मी म्हटलं, "पण थांबायचंच असतं. वाजवा मावशी. चांगलं दणकून वाजवा."